राष्ट्राध्यक्षांची चिलखती गाडी खरंच अभेद्य असते का?

नाही. तिच्या खिडकीत काच आणि पॉलिकार्बोनेट या चिवट प्लास्टिकचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. गोळी बसली की बाहेरचे थर तडकून तिचा जोर खातात, आतला थर तुकडे अडवतो. पण एकाच जागी मारा होत राहिला तर ही काचही टिकत नाही.

शिवाय खरी जोखीम चढता-उतरताना. ३० मार्च १९८१ रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगन गाडीकडे येत असताना गोळीबार झाला, आणि त्यांना लागलेली गोळी त्यांच्याच चिलखती गाडीवर आपटून उसळलेली होती!

उलट १९६२ मध्ये पॅरिसजवळ हल्ला झाला तेव्हा फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या सित्रोएन गाडीला चिलखत नव्हतंच. टायर फुटले, तरी चालकाने गाडी थांबवली नाही. द गॉल यांना एकही गोळी लागली नाही.