इस्रायल-पॅलेस्टाईनचं भांडण शाळेतल्या मुलांना मुळापासून कसं शिकवावं?

ताई, तुमचा प्रश्न असा की नववी-दहावीची मुलं मोबाईलवर गाझाचे व्हिडिओ बघून येतात, 'हे सुरू कधी झालं' म्हणून विचारतात, आणि कोणाची बाजू घेतली असं न होता हे शिकवायचं कसं. मी भंडारा जिल्ह्यात, पवनीकडच्या एका खेड्यात इतिहास शिकवतो. माझं काय चुकलं तेच आधी सांगतो.

७ ऑक्टोबर २०२३ ला हमासनं इस्रायलवर हल्ला केला आणि गाझात युद्ध पेटलं, त्यानंतर मुलांनी विचारलं, तेव्हा मी फळ्यावर 'तीन धर्म, एक जेरुसलेम' लिहून सुरुवात केली. वर्गात एकच मुसलमान पोरगा. सगळ्या माना त्याच्याकडं वळल्या, जसा काही गाझाचा जाब त्यालाच द्यायचा होता. तो बाक खरवडत बसला. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशी आला तो मागच्या बाकावर. तेव्हापासून धर्म मी शेवटी घेतो. तसंही धर्मापासून सुरुवात केली की मुलांना वाटतं, हे हजारो वर्षांचं वैर आहे, त्याला कोण काय करणार. आजचं भांडण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालं, आणि ते जमिनीचं आहे. पॅलेस्टिनींमध्ये ख्रिस्तीही आहेत, हे ऐकून तर निम्मा वर्ग चकित होतो.

आता मी मालगुजारापासून सुरू करतो, म्हणजे इंग्रजांच्या काळात गावाचा सारा भरणारा जमीनदार. आमच्याकडं मामा तलाव प्रत्येक पोराला माहीत, पण 'मामा' म्हणजे माजी मालगुजारी हे कमी जणांना ठाऊक असतं. मालगुजारी १९५१ साली गेली. मी विचारतो, समजा त्याआधी मालगुजारानं नागपुरात बसून आख्खं गाव विकलं असतं, तर तीन पिढ्या तिथं धान लावणाऱ्या कुळाचं काय झालं असतं? मग सांगतो की पॅलेस्टाईनच्या इज्रिएल खोऱ्यात असंच घडलं. जमीन बैरूतच्या सुरसुक घराण्याची होती. १९२० च्या दशकात त्यांनी ती ज्यू संस्थांना विकली, पैसे मिळाले, कागद पक्के झाले आणि कसणारी अरब कुळं उठली. घेणारा म्हणतो, मी मोल देऊन घेतली. उठलेला म्हणतो, मी तर काहीच विकलं नव्हतं. दोघंही खरं बोलतात. इथं मी अर्धा तास थांबतो, कारण हे पोरांना पुस्तकाशिवाय कळतं.

मग दुसरा प्रश्न: घेणारे आले कुठून, आणि का? १८८१ नंतर रशियात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले झाले. १९३३ साली हिटलर आला. १९३८ साली फ्रान्समध्ये एव्हियां इथं ३२ देश निर्वासितांसाठी जमले, आणि एखाददुसरा सोडला तर कोणीच दार उघडलं नाही. १९३९ साली 'सेंट लुईस' हे ९०० हून जास्त ज्यू प्रवाशांचं जहाज क्युबा आणि अमेरिका या दोघांनीही परत पाठवलं. पॅलेस्टाईनवर तेव्हा ब्रिटिशांचं राज्य होतं; त्याच वर्षी त्यांनी ज्यूंसाठी तिथलं दारही जवळजवळ लावून घेतलं: पाच वर्षांत ७५,००० माणसं, बस. पुढं हिटलरच्या राजवटीत साठ लाख ज्यू मारले गेले. हे न सांगता नुसतं 'बाहेरून आले आणि जमीन घेतली' शिकवणं म्हणजे अर्धा सातबारा वाचणं.

ज्यू म्हणजे कोणीतरी गोरे लोक, हा समजही इथंच मोडावा. कोकणातले बेने इस्रायली मराठीच बोलायचे. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आमच्या वर्गात तेल्यांची मुलं बरीच, त्यांना हे फार आवडतं.

ब्रिटिशांचा भाग लवकर होतो. एकच वावर आणि तीन इसारचिठ्ठ्या, एवढं म्हटलं की वर्ग हसतो. १९१५-१६ मध्ये मक्केच्या शरीफ हुसेनला पत्रांतून अरब राज्याचा शब्द, १९१६ मध्ये फ्रान्सशी गुपचूप वाटणी, २ नोव्हेंबर १९१७ ला बाल्फोर जाहीरनाम्यात ज्यूंना पॅलेस्टाईनात 'राष्ट्रीय घर'. अरबांना दिलेल्या शब्दात पॅलेस्टाईन धरलंच नव्हतं, असं ब्रिटिश नंतर म्हणाले. आणि वावर तेव्हा तुर्कांचं होतं!

आता मुख्य गोष्ट, जी मला सगळ्यात उशिरा सुचली. व्हरांड्यात खडूनं लांब रेघ ओढतो. तिच्यावर १८८१, १९१७, १९२९ (अरब-ज्यू दंगली), १९४८, १९६७ (युद्धात इस्रायलनं वेस्ट बँक आणि गाझा घेतले), १९९३ (ओस्लो करार), २०२३ अशी सालं. प्रत्येक साली काय झालं ते एका कागदावर. १९४८ च्या कागदावर दोन्ही ओळी असतात: इस्रायल स्थापन होताच शेजारच्या अरब देशांच्या फौजा आत शिरल्या, आणि त्या युद्धाच्या काळात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी घरांना मुकले. मुलांना सांगतो, भांडण जिथून सुरू झालं वाटतं तिथं उभे राहा. पहिल्या वेळी बहुतेक २०२३ वरच जमले होते, कारण तेवढंच पाहिलेलं. कागद वाचल्यावर पांगतात. मग मी म्हणतो, तुमच्या जागेवरून बघितलं तर पहिला मार कोणी दिला? २०२३ वर उभा असलेला एक नाव घेतो, १९६७ वर उभी असलेली दुसरं. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या भांडणात हेच असतं. एक म्हणतो यानं मला काठी मारली, दुसरा म्हणतो त्याआधी यानं दहा वर्षं धुरा कोरला. इतिहासात साल पाठ करतात, पण साल निवडणं हाही एक दावा असतो, हे त्यांना व्हरांड्यात उभं राहून कळतं.

आमच्याकडं गोसीखुर्द धरणात गावं गेली. एका मुलीची आजी बुडालेल्या घराची चौकट घेऊन आली होती, ती अजून पुनर्वसनातल्या घराला टेकून ठेवलेली आहे. पॅलेस्टिनी कुटुंबं १९४८ च्या घरांच्या किल्ल्या जपून ठेवतात, हे सांगितल्यावर ती पोरगी काही बोलली नाही, दुसऱ्या दिवशी चौकटीचा फोटो घेऊन आली. पण इथं सावध राहा. धरण आणि युद्ध एक नाही. आमच्यावर कोणी बंदूक रोखली नव्हती, आणि मोबदला कमी का होईना, मिळाला. उदाहरण दार उघडण्यापुरतं, ते संपलं की मुलांना तसं सांगा. आणि किल्ली सांगितली की हेही सांगा की १९४८ नंतरच्या काही दशकांत अरब देशांतूनही सुमारे आठ लाख ज्यूंना निघावं लागलं.

वहीचं एक तंत्र उसनं घेतलंय. डॅन बार-ऑन हे इस्रायली मानसशास्त्रज्ञ आणि सामी अदवान हे पॅलेस्टिनी शिक्षणतज्ज्ञ, यांनी दोन्हीकडच्या शिक्षकांना घेऊन इतिहासाचं पुस्तक केलं. पानाच्या एका बाजूला इस्रायली कहाणी, दुसऱ्या बाजूला पॅलेस्टिनी, मध्ये विद्यार्थ्यासाठी कोरी जागा. दोन्हीकडच्या सरकारी खात्यांना ते पचलं नाही. मी वहीचं आडवं पान तसंच आखून घेतो. मधल्या रकान्यात उत्तर लिहायला मनाई, फक्त प्रश्न.

'सर, आपन कोनाकडून जी?' हे विचारणारच. मी टाळत नाही. नि:शस्त्र माणसं मारणं चूक, मग ती ७ ऑक्टोबरला मारलेली असोत की त्यानंतर गाझात, हे सरळ सांगतो. जमीन कोणाची, यावर मात्र माझं मत वर्गात ठेवत नाही. गुरुजींचं मत म्हणजे परीक्षेचं उत्तर, असं पोरं धरतात.

तीन तासिका लागतात, दोनमध्ये कोंबू नका. आणि धान कापणी सुरू असेल तर थांबा. मी एकदा नोव्हेंबरात घेतलं, मालगुजाराच्या तासाला वर्गात अकरा मुलं होती.