गर्दीतला बाहुला मिळालाय ना, मग हे वाच

अगं, बाहुल्यांच्या शोसाठी निवड झाली म्हणून आधी अभिनंदन, आणि 'पण फक्त मागच्या गर्दीतल्या बाहुल्या दिल्यात' हे जे तू रडक्या इमोजींसकट लिहिलंयस त्याच्यासाठी हे पत्र, लांबणारे, चहा घेऊन बस.

सेसमी स्ट्रीट, म्हणजे लहान मुलांचा अमेरिकन टीव्ही शो, बाहुल्यांचा, त्याचे जुने एपिसोड काढ, 1970 च्या दशकातले. आणि मेन बाहुल्याकडे बघूच नकोस, मागे बघ. दुकानदार, गिऱ्हाईक, शाळेतली पोरं, ही जी माणसांसारखी बाहुली दिसतात ना त्यांना तिथे एनीथिंग मपेट म्हणतात. न्यूयॉर्कमध्ये 1969 ला शो सुरू झाला, त्याच्या बाहुल्या बनवणाऱ्या जिम हेन्सनच्या लोकांनी ही युक्ती काढली, सोललेल्या बटाट्यासारखं कोरं डोकं, निळं नाहीतर जांभळं नाहीतर हिरवं, आणि सीन असेल तसे डोळे, नाक, केस, मिशा लावायच्या, काम झालं की काढायच्या. एकच बाहुला आज पोस्टमन, उद्या कुणाचा तरी काका. खर्च वाचतो तो वेगळाच.

आता ग्रोव्हर, म्हणजे शोमधला निळा मॉन्स्टर, वेटर असतो ते सीन बघ. समोर वैतागलेला निळा जाडा मिस्टर जॉन्सन बसलाय, तो याच कोऱ्या बाहुल्यांपैकी. चालवणारा जेरी नेल्सन. चेहऱ्यावर तोंडाशिवाय काही म्हणजे काही हलत नाही तरी वैताग दिसतो, कारण मान कधी वळवायची आणि कधी नुसतं थांबायचं हे त्या माणसाला कळत होतं. मला विचारशील तर त्या सीनमध्ये अर्धं हसू जॉन्सनचं आहे. आणि 1972 मध्ये आकडे मोजणारा काउंट आला तोही जांभळ्या कोऱ्या बाहुल्याच्या साच्यावर बनलेला, हात परत नेल्सनचाच. फ्रॅन ब्रिल चालवायची ती प्रेअरी डॉन नावाची मुलगी पण त्यातलीच. एल्मो तर काही वर्षं मागचा एक लाल मॉन्स्टर होता, या हातातून त्या हातात फिरायचा, मग केविन क्लॅशकडे गेला आणि शोचा स्टार झाला, तुला माहितीयेच. पण तुझंही असंच होईल असं म्हणत नाहीये हां, बहुतेक बाहुले गर्दीतच राहिले.

दुसऱ्याच्या बाहुल्याचा उजवा हात करायला सांगितला तर लगेच हो म्हण. शोमधल्या एर्नी या बाहुल्याचं असंच चालायचं, हेन्सनचा एक हात त्याच्या डोक्यात, दुसरा एर्नीच्या डाव्या हातात, उजव्या हाताला दुसरा माणूस अंगाला अंग चिकटवून उभा. नवीन आलेल्यांना बऱ्याचदा हेच काम मिळायचं, आणि मोठा कलाकार पुढच्या क्षणी काय करणारे हे त्याच्या खांद्यावरूनच कळायला लागतं, असं शिक्षण कुठल्या वर्कशॉपमध्ये मिळत नाही.

गर्दीत असताना बोलणाऱ्याकडे बघ, म्हणजे तुझ्या बाहुलीचे डोळे तिकडे हवेत, उगाच तोंड फडफडवू नकोस, मेन माणसाचा जोक खाऊ नकोस. हात दुखायला लागला की बाहुली हळूहळू आभाळाकडे नाहीतर जमिनीकडे बघायला लागते, सगळ्यांचं होतं, त्यामुळे तू स्वतः वर बाहुलीकडे बघायचंच नाही, नजर खाली मॉनिटरवर, म्हणजे कॅमेऱ्यातलं चित्र दाखवणाऱ्या स्क्रीनवर.

आणि प्रॅक्टिसला आरसा नको. मॉनिटरवर आरशासारखं उलटं दिसत नाही, आरशाची सवय लागली की सेटवर डावं-उजवं चुकत राहतं. मोबाईल स्टँडला लाव, सेल्फीचं मिरर सेटिंग बंद कर, हात डोक्याच्या वर धरून एक अख्खं गाणं बाहुलीला नुसतं ऐकायला लाव, गायला नाही. व्हिडिओ मला पाठव.