गणपतीला पहिल्यांदाच स्वतः गाडी चालवत कोकणात जायचंय. रात्री निघावं की पहाटे, आणि वेगळे फॉग लाइट लावून घ्यावेत का?

प्रश्नाखाली तुम्ही दोन ओळी लिहिल्यात की मागच्या महिन्यात अलिबागच्या रस्त्यावर एक दुचाकी डावीकडून अचानक आडवी आली, करकचून ब्रेक मारला म्हणून वाचलो, चूक माझी नव्हती आणि झालं तर काहीच नाही. त्या दोन ओळींसाठी मी लिहायला बसलोय. फॉग लाइटचं नंतर बघू. "झालं तर काहीच नाही" यावरून आमच्या घरात सात वर्षं वाद चालू आहे.

मी राहायला चिपळूणला, नोकरी लोट्याच्या एमआयडीसीत एका केमिकल कारखान्यात, काम सेफ्टीचं. आमच्याकडे वर काम करणाऱ्याच्या हातून पाना सुटला आणि खालून जाणाऱ्याच्या खांद्यापासून हातभर अंतरावर पडला, तर त्याचं कार्ड भरावं लागतं. निअर मिसचं कार्ड. कुणाला खरचटलेलंही नसतं, तरी पाना दोरीने का बांधला नव्हता आणि खालची वाट का अडवली नव्हती, हे लिहायचं. १९३१ साली हाइनरिक नावाच्या विमा कंपनीतल्या माणसाने मांडलं होतं की एका गंभीर अपघातामागे २९ किरकोळ आणि ३०० बिनइजेचे प्रसंग असतात. आकड्यांवर पुढे बरेच वाद झाले, ते सोडा. बिनइजेचा प्रसंग लिहून ठेवायचा, ही सवय मात्र कारखान्यांनी घेतली. गेटबाहेर पडून गाडीत बसलं की तोच माणूस म्हणतो, वाचलो ना, मग झालं तर.

आता ज्यावरून हा वाद आहे तो प्रसंग. मे महिना संपत आला होता. मेहुणे, म्हणजे बायकोचे थोरले भाऊ, मुंबईहून स्वतःची गाडी घेऊन आले होते. गुहागर तालुक्यात त्यांच्या नव्या घराची वास्तुशांत होती. चिपळूणला आम्हाला घेऊन निघाले. ते चालवत होते, मी शेजारी, मागे सासूबाई, बायको आणि सासूबाईंच्या मांडीवर आमची चार वर्षांची मुलगी. मागे कुणीही पट्टा लावला नव्हता. ते आमचं चुकलं, आणि मी पुढे बसून ते चालवून घेतलं.

आदल्या रात्री वळीव पडून गेला होता. मार्गताम्हाणे मागे पडलं की मोकळा रस्ता लागतो, गाड्या तुरळक, आणि काटा कधी सत्तरवर जातो कळत नाही. तिथे मला डांबरावर लाल पट्टे दिसायला लागले. जोडटायरचे. सुरुवातीला पुसट, मग जसजसे पुढे जाऊ तसतसे गडद, आणि एका डाव्या वळणाच्या अलीकडे तर टायरची नक्षीसुद्धा ओळखू येईल इतके ओले आणि ताजे. इथल्या माणसाला यात कळण्यासारखं खूप असतं. खाणीतून भरून निघालेला चिऱ्याचा, म्हणजे बांधकामाच्या जांभ्या दगडाचा ट्रक चाकांना लाल चिखल घेऊन रस्त्यावर चढतो आणि जाईल तसा तो चिखल सांडत जातो. पट्टे गडद होत चाललेत म्हणजे आपण खाणीच्या तोंडाकडे चाललोय. त्यात मेअखेर. पाऊस लागला की खाणीत पाणी भरतं, काम बंद पडतं, त्यामुळे त्या दिवसांत खेपा मारायची घाई असते. शिवाय पहिला पाऊस म्हणजे महिनोन्महिने रस्त्यावर साठलेली धूळ आणि ऑइल वर येतं, आणि त्यावर हा लाल चिखल.

मी म्हटलं, "दादा, जरा हळू घ्या. पुढे खाण असणार."

"कुठे दिसतेय खाण?"

मी गप्प बसलो. गाडी त्यांची, वयाने ते मोठे, मागे त्यांची आई. जावयाने एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगणं बरं दिसत नाही. माझा उजवा पाय मात्र आपोआप खाली दाबला गेला. त्यांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "जावईबापू, तुमच्याकडे ब्रेक नाहीये."

वळण घेतलं आणि ट्रक समोर. भरलेला ट्रक खाणीच्या कच्च्या वाटेवरून मागे मागे येत अख्खा रस्ता अडवून उभा होता. मेहुण्यांनी ब्रेकवर उभं राहावं तसा ब्रेक दाबला. गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, नव्हतं, चाकं जागच्या जागी थांबली आणि गाडी चिखलावरून तशीच सरकत गेली, मागचा भाग डावीकडे फिरला आणि आम्ही तिरके थांबलो. माझ्या खिडकीपासून चिऱ्यांची थप्पी वीतभर लांब होती. मशीनच्या पात्याने चिऱ्यावर पडलेल्या रेघा मला एकेक मोजता आल्या असत्या. सगळ्यात खालच्या चिऱ्यातून लाल पाणी ठिबकत होतं आणि ते आमच्या आरशावर पडत होतं. मागे सासूबाईंनी मुलीला इतकं घट्ट धरलं होतं की तिच्या दंडावर बोटं उमटली. ती रडली नाही. संध्याकाळपर्यंत बोललीही नाही.

ट्रकचा क्लीनर डोक्यावर गोणपाट घेऊन रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला उभा होता आणि गुहागरकडून येणाऱ्या गाड्यांना हात करत होता. आमच्या बाजूला कुणीच नव्हतं. ना माणूस, ना फलक, ना झाडाची फांदीसुद्धा.

सासूबाई म्हणाल्या, "व्याडेश्वराने तारलं." मेहुणे म्हणाले, "बघितलंत ना कंट्रोल?"

वास्तुशांतीच्या पंगतीत तो प्रसंग निदान पंधरा जणांना सांगून झाला. दर वेळी गोष्ट ट्रक दिसला तिथून सुरू व्हायची आणि ब्रेकपाशी संपायची. ऐकणारे माना डोलवायचे: ड्रायव्हर पक्का म्हणून सगळे वाचले. मी एकदाच मध्ये बोललो, की ट्रक दिसायच्या आधी दहा-बारा सेकंद लाल पट्टे दिसत होते. त्यावर मला मिळालेलं उत्तर अजून लागून आहे: "तुमच्यासारखं चालवलं तर मुंबई गाठायला दोन दिवस लागतील."

तर हिशेबच करू. सत्तरच्या वेगात गाडी एका सेकंदाला १९ मीटरच्या वर जाते, चाळीसला ११ मीटर. डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत चांगल्या माणसालाही सेकंदभर लागतोच. आणि ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे चाळीसच्या मानाने सत्तरला तिप्पट. चिखलावर त्याहून कितीतरी जास्त. पट्टे गडद व्हायला लागले तेव्हा नुसता ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला असता, तर वळणापर्यंत गाडी चाळीसवर आली असती आणि आम्ही हॉर्न देऊन, काच खाली करून, क्लीनरला दोन शब्द सुनावून पुढे गेलो असतो. पंगतीत सांगायला काहीच उरलं नसतं. ज्याच्याकडे अशा ब्रेकच्या गोष्टी भरपूर, तो चांगला ड्रायव्हर नव्हे, हे माझं ठाम मत आहे आणि ते मी मेहुण्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे.

इंग्लंडमध्ये २००२ पासून लायसन्सच्या परीक्षेतच हे तपासतात. रस्त्याच्या चित्रफिती दाखवतात, धोका तयार होताना दिसला की क्लिक करायचं, जितकं लवकर तितके गुण जास्त. इथे मी गाडीने आठचा आकडा काढून दाखवला आणि लायसन्स घेऊन घरी आलो.

म्हणून तुमची अलिबागची दुचाकी घ्या. चूक कुणाची ते बाजूला ठेवा आणि कार्ड भरा. ती आडवी यायच्या आधी काय दिसत होतं? डावीकडे पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरत होती का? गडग्यात, म्हणजे कडेच्या बुटक्या दगडी भिंतीत, फट होती का? कोकणात रस्त्याला लागून चिऱ्यांचा गडगा असतो, आणि त्यात जिथे फट असते तिथून माणूस, कोंबडी, सायकल, काहीही थेट डांबरावर येतं. थांबलेली एसटी दिसली की तिच्या पुढून कुणीतरी आडवं येणार. एक म्हैस रस्ता ओलांडून गेली की बाकीच्या मागे असतात, आणि रात्री म्हैस दिसतच नाही. पावसाळ्यात गुरं रात्री डांबरावर येऊन बसतात. छत्रीतल्या माणसाला तुमचा हॉर्न ऐकू जातो, पण तुम्ही दिसत नाही. मी नवशिक्यांना सांगतो, पहिले काही तास मोठ्याने बोलत चालवा: एसटी उभी आहे, गडगा फुटलाय, लाल पट्टे आहेत. गाडीतले हसतील, हसू देत.

आणि घरून निघायच्या आधी एक ठरवून टाका. गाडीतल्या कुणीही "हळू" म्हटलं तर चालवणाऱ्याने आधी पाय उचलायचा, "का" ते पुढच्या चहाच्या टपरीवर विचारायचं. आमच्या कारखान्यात कंत्राटी कामगारसुद्धा हात वर करून काम थांबवू शकतो, आणि त्या दिवशी मला दुसऱ्यांदा तोंड उघडता आलं नाही. मेहुण्यांवर माझा जेवढा राग आहे त्याहून जास्त माझा माझ्या त्या गप्प बसण्यावर आहे. मुलगी आता अकरा वर्षांची आहे. मागे बसते, पट्टा लावून, आणि डांबर लाल दिसलं की "बाबा, लाल" एवढंच म्हणते. मी पाय उचलतो.

सगळं आधी दिसतं असं मात्र मी म्हणत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला, त्यात दोन एसटी आणि इतर गाड्या वाहून गेल्या. त्या अंधारात आणि पावसात कुठला ड्रायव्हर काय ओळखणार होता? तिथे जबाबदारी रस्ता आणि पूल सांभाळणाऱ्यांची. आमच्या वळणावरही फलक लावायला हवा होता तो खाणवाल्याने, हे मेहुण्यांच्या बाजूने सांगायला हवं.

आता तुमचं. रात्री निघू नका. गणपतीत सगळी मुंबई रात्रीच निघते, आणि पहाटे दोन ते पाच या वेळात जेव्हा झोप अनावर होते तेव्हा नेमके तुम्ही घाटात असता. पहाटे निघा, घाट उजेडात येऊ द्या. कशेडीला आता बोगदा आहे, परशुराम आणि भोस्ते मात्र आहेतच. उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरा, सारखा ब्रेक दाबून तो तापवू नका, आणि अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या, नियमही तोच आहे. चौपदरी रस्ता मध्येच संपून गाड्या बाजूच्या रस्त्यावर वळवलेल्या असतात, तिथे पुढच्या गाडीपासून निदान चार सेकंदांचं अंतर ठेवा. तुमच्या गाडीला एबीएस असेल, त्याने ब्रेक मारताना स्टिअरिंग वळतं, पण चिखलावर गाडी लवकर थांबते असं समजू नका.

फॉग लाइट वेगळे नकोत. धुक्यात हाय बीम लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, लो बीमवर या, तेवढं पुरतं. त्या पैशांत वायपरची रबरं नवी टाका आणि काच आतून पुसायला एक जुना सुती पंचा हाताशी ठेवा.