कळ, वेणा आणि 'मानसिकच असतं गं'

विचारलंय असं की दर महिन्याला पाळीत पोट दुखणाऱ्या बायकांच्या मेंदूवरच्या संशोधनाबद्दल मराठीत लिहायचंय, तर 'पेन'ला वेदना म्हणावं की कळा, आणि 'ब्रेन नेटवर्क'ला जाळं म्हटलेलं चालेल का.

आधी डोक्यात जाणारी गोष्ट. मेंदूचं नाव निघालं की लगेच 'म्हणजे मानसिकच असतं गं', विरार लोकलच्या लेडीज डब्यातसुद्धा हेच ऐकायला मिळतं! मानसिक म्हणजे मनाचं, त्याला 'नाटक' हा अर्थ कुणी चिकटवला? प्रोस्टाग्लँडिन नावाच्या शरीरातल्याच रसायनामुळे गर्भाशय आवळतं, रक्त कमी पोचतं, दुखणं तिथंच सुरू होतं, पण जाणवतं मेंदूत, दाढेचं दुखणंही मेंदूतच जाणवतं, तेव्हा कुणी दाढेला मानसिक म्हणत नाही. तैवानच्या संशोधकांनी 2010 साली अशा बायकांच्या मेंदूचे एमआरआय दुखत नसलेल्या दिवसांत काढले तरी करड्या द्रव्यात (ग्रे मॅटरमध्ये) फरक दिसला, आणि पुढे मेंदूच्या नेटवर्कचा अभ्यास करणाऱ्यांनाही मेंदूच्या भागांमधल्या जोडण्या बदललेल्या सापडल्या.

आता खरी गंमत. वेदना ही 'विद्' म्हणजे जाणणे या धातूची, वेद आणि विद्वान यांची सख्खी बहीण. पालीत तर सुखाचीही वेदना असते, कारण वेदना म्हणजे नुसतं जाणवणं. हाच शब्द प्राकृतातून झिजत झिजत मराठीत 'वेण' झाला आणि बाळंतिणीच्या वेणा झाल्या! म्हणजे 'वेदना शिष्ट, वेणा गावठी' म्हणणारे एकाच बाईला दोन दारांतून आत घेतायत.

आणि कळ? 'कळ आली' आणि 'मला कळलं', माझं म्हणणं दोन्ही एकाच 'कल्' धातूचे, जाणवणं ते दुखणं हाच प्रवास पुन्हा. कोशवाले दुखण्याची कळ, बटणाची कळ, भांडणाची कळ वेगळ्या खणांत ठेवतात, बटण आणि भांडण ठेवा की वेगळं, माझं काही जात नाही, पण दुखण्याची कळ कळण्यापासून तोडायची तर पुरावा द्या ना, 'नुसता ध्वनिसाम्याचा योगायोग' हे काय उत्तर झालं? अर्थाची वाट वेदनेनं चालून दाखवलीय, कळ त्याच वाटेनं गेली तर एवढं नवल कशाला. मग 'जरा कळ सोस' म्हणून मुलींना गप्प बसवतात त्यात केवढी माहिती सोसायला लावतात बघा.

हां, प्रश्न. थांबून थांबून येणारं, पिळवटून टाकणारं असेल तर कळा, सलग ठणका असेल तर ओटीपोटात दुखणं, आणि एकूण अनुभवाबद्दल लिहिताना वेदना. नुसतं 'कळा' लिहिलंत तर वाचणारा बाळंतपण समजेल, म्हणून 'पाळीच्या कळा' लिहा. जाळं चालेल, पण वाक्यात 'जाळ्यात अडकलेली' वगैरे येऊ देऊ नका, त्यापेक्षा नेटवर्क बरं.