कायमचे चुंबक इतके ताकदवान मिळत असताना विद्युतचुंबक कशाला लागतो?

तुम्ही विचारलंय की नाण्याएवढा निओडिमियमचा चुंबक विजेशिवाय दोन-तीन किलो वजन सहज धरून ठेवतो, मग तार गुंडाळून आणि वीज खर्चून चुंबक बनवायचा खटाटोप अजून का चालतो? मी शेतीपंपाच्या मोटारी रिवाइंड करतो आणि स्टार्टर दुरुस्त करतो, म्हणजे दिवसभर हातात कॉइलच असते. म्हणून तिथूनच सांगतो. ताकद हा दुय्यम मुद्दा आहे. विद्युतचुंबक धरलेली वस्तू सोडू शकतो, आणि किती जोरात धरायचं तेही करंट कमीजास्त करून ठरवता येतं. कायमच्या चुंबकाला ते जमत नाही.

विहिरीवरचा स्टार्टर घ्या. हिरवं बटण दाबलं की कॉइलमध्ये करंट जातो, लोखंडी गाभा समोरचा हलता भाग ओढून घेतो आणि पॉइंट, म्हणजे वीज जोडणारे धातूचे संपर्क, जुळून मोटार फिरायला लागते. बटण सोडलं तरी जुळलेल्याच एका पॉइंटमधून कॉइलला वीज मिळत राहते. लाईट गेली की कॉइल सुटते, पॉइंट उघडतात, आणि लाईट परत आली तरी मोटार आपोआप सुरू होत नाही. हे मुद्दाम तसं केलेलं आहे. मधल्या वेळात कुणी पंपाला हात लावून बसलेलं असू शकतं, विहिरीत पाणी नसू शकतं. लाईट येताच मोटार आपोआप सुरू व्हावी म्हणून बरेच जण ऑटो स्विच बसवतात. मग लाईट येताच रोहित्रावरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात आणि भार रोहित्रावर पडतो. ऑटो काढा असं मी प्रत्येकाला सांगतो.

रब्बीत सगळ्यांचे पंप एकदम चालतात तेव्हा जळालेल्या कॉइल्स घेऊन लोक येतात आणि एक रास्त शंका विचारतात: व्होल्टेज कमी होतं, म्हणजे करंटही कमीच गेला असणार, मग कॉइल जळाली कशी? आपल्याकडची वीज दिशा बदलणारी असते. अशा विजेवर कॉइलमधला करंट फक्त तारेच्या रोधावर ठरत नाही. गाभा पूर्ण मिटलेला, म्हणजे त्याचे दोन्ही भाग एकमेकांना चिकटलेले असतील तर लोखंडातलं बदलतं चुंबकीय क्षेत्रच करंटला अडवून धरतं. गाभ्यात फट असेल तर ही अडवणूक खूप कमी होते आणि मिटलेल्या स्थितीच्या कित्येक पट करंट वाहतो. नेहमी तो करंट क्षणभरच असतो, कारण गाभा लगेच मिटतो. व्होल्टेज कमी असलं की ओढायला जोर पुरत नाही, गाभा अर्धवट थरथरत राहतो, फट तशीच राहते आणि कॉइल तापत जाते. फटीत मुंग्या नाहीतर मातीचा थर बसला तरी हेच होतं. म्हणून कॉइल बदलायच्या आधी गाभ्याची तोंडं पुसून घ्या.

स्टार्टरच्या गुणगुणण्यामागेही तेच आहे. 50 हर्ट्झच्या विजेत करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, म्हणजे चुंबकाची पकडही तितक्या वेळा सैल पडते. ती अगदी सुटू नये म्हणून गाभ्याच्या तोंडात तांब्याची एक छोटी रिंग बसवलेली असते. तिच्यात निर्माण होणारा करंट जरा मागे राहतो आणि मधली पोकळी भरून काढतो. रिंग तुटली की स्टार्टर खडखड वाजायला लागतो.

करंटने चुंबक बनवण्याची युक्ती जुनी आहे. तारेतल्या करंटमुळे होकायंत्राची सुई हलते हे डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन ओर्स्टेडने 1820 मध्ये दाखवलं. 1825 मध्ये इंग्लंडच्या विल्यम स्टर्जनने नालाच्या आकाराच्या लोखंडाला वार्निश लावून त्यावर उघड्या तारेचे 18 वेढे दिले. जेमतेम 200 ग्रॅमच्या त्या लोखंडाने साधारण 4 किलो वजन उचललं आणि करंट बंद होताच खाली सोडलं. तार उघडी असल्यामुळे वेढे एकमेकांना चिकटवता येत नव्हते. अमेरिकेतल्या जोसेफ हेन्रीने तारेलाच रेशीम गुंडाळलं आणि वेढ्यांवर वेढे चढवले. 1831 मध्ये त्याच्या चुंबकाने 900 किलोच्या वर वजन उचललं. मी आज एनॅमलची तार गुंडाळतो, ती याच कल्पनेची पुढची पायरी.

घरात हा चुंबक ठिकठिकाणी लपलेला आहे. टिंग-टाँग बेलमध्ये, वॉशिंग मशीनच्या पाण्याच्या व्हॉल्वमध्ये, गाडी सुरू करताना टक् वाजणाऱ्या रिलेमध्ये. शॉर्ट सर्किट झालं की एमसीबी (वीज आपोआप तोडणारा स्विच) पडतो तो आतल्या छोट्या कॉइलमुळे. ओव्हरलोडला मात्र तापून वाकणारी धातूची पट्टी काम करते. आणि कायमचा चुंबक काही विद्युतचुंबकाचा वैरी नव्हे. स्पीकरमध्ये कायमचा चुंबक स्थिर असतो आणि त्याच्या क्षेत्रात करंटची कॉइल हलते. कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी पंख्यात फिरणाऱ्या भागावर कायमचे चुंबक असतात आणि त्यांना फिरवणारं क्षेत्र कॉइल्स देतात. चांगली रचना दोघांनाही कामाला लावते.

वेढे आणि करंट वाढवून ताकद हवी तितकी वाढेल का, असंही तुम्ही पुढे विचारलंय. लोखंडाची मदत साधारण 2 टेस्लापर्यंतच मिळते (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचा जोर मोजायचं एकक). त्यापुढे सगळा भार करंटवर, आणि तांबं भयंकर तापतं. म्हणून एमआरआयमध्ये नायोबियम-टायटॅनियमची तार द्रवरूप हेलियमने उणे 269 अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवतात. त्या तापमानाला तिचा रोध शून्य होतो. एकदा भरलेला करंट बाहेरच्या पुरवठ्याशिवाय फिरत राहतो, आणि 1.5 किंवा 3 टेस्लाचं क्षेत्र रात्रंदिवस कायम असतं. हा विद्युतचुंबक असूनही बटण दाबून बंद होत नाही, हे लोकांना माहीत असणं फार गरजेचं आहे. मुंबईत जानेवारी 2018 मध्ये एमआरआयच्या खोलीत ऑक्सिजनचा सिलिंडर नेल्यामुळे एका तरुणाचा जीव गेला. मशीन चालू दिसत नसलं तरी त्या खोलीत लोखंड नेऊ नका.

संशोधनात कमीजास्त करण्याचा गुण सगळ्यात जास्त कामाला येतो. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-2 नावाचं यंत्र आहे. त्यात इलेक्ट्रॉन एका कड्यात फिरतात आणि वळताना क्ष-किरण सोडतात. त्या किरणांनी देशभरातले संशोधक पदार्थांची आतली रचना तपासतात. इलेक्ट्रॉन कड्यात येतात तेव्हा त्यांची ऊर्जा कमी असते, मग ती 2.5 अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत चढवतात. ऊर्जा वाढली की त्यांना त्याच वाटेवर वळवायला जास्त जोराचं क्षेत्र लागतं, म्हणून चुंबकांचा करंट तिच्याच बरोबरीने वाढवत न्यावा लागतो. जिनिव्हाजवळच्या एलएचसी या कणांना वेग देणाऱ्या 27 किलोमीटरच्या कड्यामध्ये वळवणारे 1232 चुंबक हेच करतात: अर्ध्या टेस्लाच्या आसपास सुरुवात, आणि पूर्ण क्षमतेला 8.33 टेस्ला, प्रत्येकात 11 हजार अँपिअरपेक्षा जास्त करंट. क्षेत्र जरा मागे-पुढे झालं तर कण नळीच्या भिंतीवर आदळतील. तिथे कायमचे चुंबक लावले असते तर क्षेत्र एकाच आकड्यावर अडकलं असतं आणि त्याच कड्यात कणांची ऊर्जा चढवताच आली नसती.