साठ डॉलरला गेलेलं खोकं आणि त्यातलं क्लेमेंटे

एडिसन, न्यू जर्सीच्या एका वाचक ताईंचं पत्र थोडक्यात असं: मोठं घर सोडून काँडोत जायचं म्हणून त्यांनी मे महिन्यात गराज सेल लावला. बेसमेंटमध्ये मुलाचं बेसबॉल कार्डांनी भरलेलं बुटाचं खोकं होतं. मुलगा आता 45 वर्षांचा, सिएटलला असतो. एका गृहस्थानं खोकं चाळलं, 'सगळा ऐंशीच्या दशकातला माल, याला कोण विचारतंय' म्हणाला, साठ डॉलर झेल (Zelle) या फोनवरून पैसे पाठवायच्या सेवेनं पाठवले आणि खोकं घेऊन गेला. गेल्या आठवड्यात मुलाला ईबेवर त्यातलंच एक कार्ड दिसलं. बेसबॉलपटू रॉबर्टो क्लेमेंटे, टॉप्स कंपनी, 1955, किंमत 9,000 डॉलर. शेजारच्या आजोबांनी त्याच्या दहाव्या वाढदिवसाला दिलेलं. मागच्या बाजूला त्यानं तेव्हा पेन्सिलीनं इंग्रजी 'ए' काढला होता, तो फोटोत दिसतोय. 'कार्ड परत मागता येईल का?'

ताई, आधी त्या नऊ हजारांकडे बघू. तो आकडा विकणाऱ्यानं लावलाय. उद्या तो नव्वद हजारही लावेल, त्याला कोण अडवतंय? ईबेवर 'विकले गेलेले' एवढेच व्यवहार गाळून बघायची सोय आहे, त्यात लोकांनी खरोखर किती पैसे मोजले ते कळतं. तेही त्याच दर्जाच्या कार्डाशी ताडून बघायचं. क्लेमेंटेचं हे 164 क्रमांकाचं कार्ड म्हणजे त्याचं रुकी कार्ड, खेळाडूच्या सुरुवातीच्या काळातलं पहिलं कार्ड, म्हणून त्याला मान. पण पीएसएसारख्या कंपन्या कार्डाला 1 ते 10 असा दर्जा देतात. कोपरे झिजलेत का, चित्र चौकटीत मधोमध छापलंय का, यावर एकाच कार्डाच्या दोन प्रतींमध्ये कित्येक पटींचा फरक पडतो. आणि मागे पेन्सिलीची खूण असली की भाव पडतो. तेव्हा तुमच्या क्लेमेंटेचे नऊ हजार येतील असं धरून चालू नका. खऱ्या किमतीवर दावा कुठे लावायचा हेही ठरतं. न्यू जर्सीत 5,000 डॉलरपर्यंतचा पैशांचा दावा न्यायालयाच्या स्मॉल क्लेम्स या विभागात चालतो, 20,000 पर्यंतचा स्पेशल सिव्हिल पार्ट या विभागात.

आता कायदा. 'मला किंमत माहीत नव्हती' एवढ्यावर विक्री रद्द होत नाही. ॲरिझोनात 1996 साली एका मृत व्यक्तीच्या घरातल्या सामानाच्या विक्रीत दोन चित्रं साठ डॉलरला गेली. हो, साठच. ती निघाली मार्टिन जॉन्सन हीड या एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकाराची, आणि क्रिस्टीजच्या लिलावात त्यांचे 10,72,000 डॉलर आले. वारसांच्या बाजूनं दावा लागला, पण 2000 साली अपील न्यायालयानं तो फेटाळला. न्यायालयाचं म्हणणं असं: जाणकाराला दाखवायची संधी होती, तुम्ही दाखवलं नाहीत, तेव्हा चुकीची जोखीम तुमची. तुमच्या खोक्यालाही हेच लावतील.

घेणारा गप्प बसला तर तो सहसा सुटतो. तुमचा मात्र बोलला, आणि तेही 'सगळा' म्हणाला. खोक्यातला बहुतेक माल खरंच ऐंशीचा असेल. त्या दशकाच्या शेवटी कंपन्यांनी इतकी कार्डं छापली की अपर डेक कंपनीच्या 1989 च्या केन ग्रिफी ज्युनियरसारखी मोजकी सोडली तर बाकीच्यांना आज रद्दीचा भाव. पण क्लेमेंटे हातात धरून, ते ओळखून, जाणकारानं अनभिज्ञ माणसाला असं सांगितलं असेल तर ती फसवणूक ठरू शकते. सिद्ध करायला साक्षीदार हवा. सेलच्या टेबलाशी दुसरं कोण होतं?

माझ्या मते तुमचा खरा मुद्दा वेगळाच आहे आणि पत्रात तो ओझरता येऊन गेलाय. कार्ड तुमचं होतं कुठे? मुलाला मिळालेली भेट मुलाची, मग ती पस्तीस वर्षं आईच्या बेसमेंटमध्ये पडून असली तरी. जे आपलं नाही त्याची मालकी आपण दुसऱ्याला देऊ शकत नाही. म्हणजे चिरंजीव मूळ मालक म्हणून कार्ड मागू शकतात, आणि ते पुढे तिसऱ्या भल्या माणसाला विकलं गेलं तरी त्याच्याकडूनही. फसवणुकीच्या वाटेनं गेलात तर ही सोय नाही. तिथे तिसऱ्यानं प्रामाणिकपणे पैसे मोजून घेतलं की वस्तू त्याची. दावा लावायची मुदत न्यू जर्सीत सहा वर्षं आहे, पण ईबेवरचं कार्ड तितकं थांबणार नाही.

या वाटेत दोन खड्डे आहेत. पहिला व्हॉट्सॲपचा. 'तुझं सामान ने, नाहीतर टाकून देते' असं तुम्ही कधी लिहिलं असेल, आणि पोरांच्या सवयीनं त्यानं 'आई, तुला काय करायचं ते कर' असं उत्तर दिलं असेल, तर विकायची परवानगीच दिली म्हणायची, आणि दावा तिथेच आटोपला. असा मेसेज सापडला तर मला सांगा. पुसू मात्र नका, पुरावा नष्ट केल्याचं वेगळंच लफडं होईल.

दुसरा खड्डा तुमच्यासाठी खणलाय. वस्तू विकणारा, गराज सेलवाला का असेना, 'ही विकायचा मला हक्क आहे' अशी हमी न बोलता देत असतो. मुलानं कार्ड काढून घेतलं तर तो गृहस्थ तुमच्यावर उलटेल, आणि साठ डॉलर नव्हे, कार्डाची बाजारातली किंमत मागेल. मुलगा जिंकणार आणि भरपाई आई देणार! म्हणून दाव्याची भाषा आत्ता नको. चिरंजीवांच्या नावानं एक नोटीस पाठवू: कार्ड माझं आहे, खूण ही, साठ डॉलर परत घ्या, वर तुम्ही केलेला खर्च देतो, तोवर विकू नका. इलिनॉयमध्ये 1990 साली दुकानातल्या नवख्या मुलीनं '1200/' (म्हणजे बाराशे डॉलर) अशी चिठ्ठी लावलेलं बेसबॉलपटू नोलन रायनचं कार्ड बारा वर्षांच्या मुलाला बारा डॉलरला देऊन टाकलं होतं. प्रकरण कोर्टात उभं राहिलं, तरी शेवटी दुकानदार आणि मुलगा या दोघांनी तडजोड करून कार्ड लिलावात काढलं आणि पैसे दान केले. तुमचा गृहस्थही मालकीचा वाद लागलेलं कार्ड सुखानं विकू शकणार नाही हे त्याला कळेल.

आजच ईबेच्या त्या पानाचे स्क्रीनशॉट काढा, पुढची-मागची बाजू मोठी करून. कार्ड दर्जा देणाऱ्या कंपनीच्या बंद डबीत असेल तर तिच्यावरचा क्रमांकही टिपून ठेवा. पेन्सिलीची खूण पुसली गेली तर ओळख जाईल, आणि खाडाखोड लपवून विकणं हा त्याचा वेगळा गुन्हा होईल. घरात अजून कार्डं उरली असतील तर ती पुसायला, सरळ करायला जाऊ नका, आणि किंमत अशा माणसाकडून काढा जो ती स्वतः विकत घेणार नाही.

आणि चिरंजीवांना फोन करून तो 'ए' कोणत्या कोपऱ्यात, केवढा काढला होता, शेजारी आणखी काही खूण होती का, हे आठवून कागदावर लिहायला सांगा. ईबेचा फोटो पुन्हा उघडून बघायच्या आत.