मुलगी आहे हे लपवू नकोस: बॉस्टनमधली जुनी घरं आणि शिशाचा कायदा

तुझा निरोप वाचला. नवऱ्याला बॉस्टनजवळच्या केंब्रिजमध्ये नोकरी, 1 सप्टेंबरपासून घर हवं, मुलगी 14 महिन्यांची. समरव्हिलमधला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट तुम्हाला मनापासून आवडलाय आणि ब्रोकरने कळवलंय की घर 'डीलेडेड' नाही, सहा वर्षांखालच्या मुलांसाठी योग्य नाही. त्यावर ओळखीच्या कुणीतरी सुचवलं की अर्जात मुलीचं नावच घालू नका, एकदा किल्ली हातात आली की कोण बघतंय. हे करावं का, आणि डीलेडिंग म्हणजे आहे तरी काय, असं तू विचारलंस. डीलेडिंग म्हणजे जुन्या रंगातल्या शिशाचा धोका काढून टाकणं किंवा झाकणं.

तू ताई म्हणालीस, म्हणून मीही थेट 'तू' म्हणते. मुलीला लपवू नकोस. मॅसॅच्युसेट्सचा कायदा घरमालकाला कामाला लावतो तो घरात लहान मूल आहे म्हणूनच. ते कागदावर नसेल तर तुमच्या बाजूने बोलायला काहीच उरत नाही.

बॉस्टन, समरव्हिल, डॉर्चेस्टर, वूस्टर इथली तीन मजली लाकडी घरं, ज्यांना इथे 'ट्रिपल डेकर' म्हणतात, ती बहुतेक 1880 ते 1930 या काळातली. त्या काळी चांगला रंग म्हणजे शिशाचा रंग. टिकाऊ, उन्हापावसात न उडणारा. घरगुती वापरासाठी त्यावर अमेरिकेत 1978 साली बंदी आली, म्हणून इथल्या बहुतेक कायद्यांत 1978 हा आकडा सारखा भेटतो. तुझं घर त्याआधीचं असेल तर वरच्या चकचकीत पांढऱ्या थराखाली शिसं आहे असंच धरून चाल.

आपल्याला वाटतं, मूल रंगाचे पोपडे खाईल तरच धोका. खरा धोका धुळीचा आहे, आणि धूळ खिडकीत तयार होते. जुनी खिडकी वर-खाली सरकते, लाकूड लाकडावर घासतं, आणि खालच्या खाचेत पिठासारखी पांढरी धूळ साचते. उभं राहायला शिकणारं मूल आधाराला नेमकी तीच पट्टी धरतं आणि तोच हात तोंडात घालतं. शिसं शरीराला कोणत्याच कामाचं नाही. लहान मुलाच्या मेंदूवर ते परिणाम करतं: बुद्धी, एकाग्रता, वागणं, सगळ्यावर. आणि बाहेरून काही दिसत नाही, मूल हसतं-खेळतं असतं. हर्बर्ट नीडलमन या डॉक्टरांनी 1979 मध्ये हे दाखवून दिलं ते पहिली-दुसरीतल्या मुलांचे पडलेले दुधाचे दात जमवून. दातात ज्यांच्या शिसं जास्त, ती मुलं बुद्धीच्या चाचण्यांत आणि वर्गातल्या वागण्यात मागे होती. ती मुलं चेल्सी आणि समरव्हिलची होती. म्हणजे तू जिथे घर बघते आहेस, तिथलीच.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. 2015 साली आम्ही अशाच एका दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. मुलगा 13 महिन्यांचा असताना डॉक्टरांनी बोट टोचून रक्त घेतलं, आकडा आला 9. हातावरच्या धुळीमुळे बोटाचा आकडा चुकू शकतो, म्हणून शिरेतून पुन्हा घेतलं: 7. हा आकडा दर डेसिलिटर रक्तात किती मायक्रोग्रॅम शिसं त्याचा. घरमालकाला सांगितलं. रविवारी आम्ही बाजारात गेलो असताना तो स्वतः येऊन पॉलिश पेपरने खिडक्या घासून गेला, त्याच्या समजुतीने मदत म्हणून. परत आलो तर मुलाच्या पाळण्याच्या गादीवर बोटाने रेघ काढता येईल इतका पांढरा थर. मी ओल्या फडक्याने पुसत बसले आणि पुसता पुसता रडले. तीन महिन्यांनी आकडा 12. शिशाचा रंग कोरडा घासणं ही सगळ्यांत वाईट गोष्ट, आणि ती इथे बेकायदा आहे. हे त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही.

मग शहराच्या आरोग्य खात्याकडे तपासणी मागितली. तेव्हा राज्याच्या लेखी विषबाधा 25 पासून सुरू व्हायची, म्हणून आपणहून कुणी येणार नव्हतं. इन्स्पेक्टर बाई आल्या. खिडकीच्या चौकटीवर चाकूने बारीक चीर पाडली, त्यावर कसलासा थेंब सोडला. सडक्या अंड्याचा वास आला आणि ती चीर माझ्या डोळ्यांदेखत काळी पडली. सोडियम सल्फाइड होतं ते. शिसं असलं की काळं पडतं. त्यानंतर महिन्याभरात मालकाची घर सोडण्याची नोटीस आली. आम्ही हललो नाही, कारण तोवर मी कायदा वाचला होता: तक्रारीनंतर सहा महिन्यांच्या आत अशी नोटीस आली तर ती सूडाचीच आहे असं कोर्ट आधी गृहीत धरतं, आणि तसं नाही हे मालकाला सिद्ध करावं लागतं.

मॅसॅच्युसेट्सचा शिशाचा कायदा 1971 चा, देशातल्या पहिल्या काही कायद्यांपैकी. घर 1978 पूर्वीचं असेल आणि त्यात सहा वर्षांखालचं मूल राहत असेल, तर शिशाचा धोका काढून टाकणं किंवा झाकणं ही मालकाची जबाबदारी. मूल आजारी पडण्याची वाट बघायची नाही, मूल राहतंय एवढंच पुरेसं. भाडेकरूने आधी मागितलं पाहिजे अशीही अट नाही. आणि शिसं आहे या कारणावरून मुलं असलेल्या कुटुंबाला घर नाकारणं हा भेदभाव आहे. तुझ्या ब्रोकरने लिहिलेलं वाक्य म्हणूनच त्याने लिहायलाच नको होतं. डीलेडिंगसाठी वेळ लागला तर मालक तुमचा प्रवेश जास्तीत जास्त 30 दिवस लांबवू शकतो, एवढीच सवलत त्याला आहे. 'घरात शिसं आहे हे आम्हाला मान्य आहे' अशा कागदावर कुणी सही मागितली तर करू नकोस. तशा सहीने मालकाची जबाबदारी टळत नाही, पण सही मागणारा माणूस कसा आहे ते तुला कळतं.

आता व्यवहाराचं. ब्रोकरचा तो ईमेल जपून ठेव. भेदभावाची तक्रार मॅसॅच्युसेट्स कमिशन अगेन्स्ट डिस्क्रिमिनेशनकडे करता येते. पण परदेशात पाऊल टाकताना, अंगाखांद्यावर मूल घेऊन, पहिल्याच महिन्यात भांडण कुणाला हवंय? मी तुझ्या जागी असते तर आधी राज्याच्या 'लेड सेफ होम्स' या ऑनलाइन यादीत पत्ता घालून बघितला असता. त्या पत्त्याची कधी तपासणी झाली, लेटर ऑफ कम्प्लायन्स (शिशाचा धोका नियमाप्रमाणे दूर केल्याचं पत्र) मिळालंय का, सगळं तिथे दिसतं, फुकट. ते पत्र असलेली घरं या भागात बरीच आहेत, ब्रोकर आपणहून सांगत नाहीत इतकंच. आवडलेल्या दहा पत्त्यांची अशी छाननी पुण्यात बसून एका संध्याकाळी होते. 1978 नंतरच्या इमारतींना हा कायदा लागू नाही, तिथे हा प्रश्नच नाही, फक्त भाडं झेपतं का ते बघा. बरीच मराठी कुटुंबं मूल झालं की श्रूजबरी, वेस्टबरोकडच्या नव्या संकुलांत जातात, त्यामागे शाळांइतकंच हेही एक कारण आहे असं माझं मत.

पत्रात 'इंटरिम कंट्रोल' असं लिहिलेलं असेल तर ती तात्पुरती सोय: एक वर्षाची, फार तर आणखी एका वर्षाने वाढणारी. मुलगी सहा वर्षांची व्हायच्या बरीच आधी मुदत संपेल, तेव्हा पुढचं काम कधी होणार ते लेखी घे. पूर्ण कम्प्लायन्स असलं तरी घरातलं सगळं शिसं गेलं असा अर्थ नाही. खिडक्यांचे घासणारे भाग, सुटलेला रंग, मुलाचं तोंड पोचेल अशा कडा, एवढं केलेलं असतं. नंतर कुठे पोपडा सुटला की लगेच मालकाला लेखी कळवायचं. लीजवर सही करण्याआधी 'टेनंट लेड लॉ नोटिफिकेशन' नावाचा कागद आणि असतील ते तपासणीचे अहवाल मालकाने द्यायलाच हवेत. दोघांची सही होते, एक प्रत तुझ्याकडे राहते. आमच्या घरमालकाने तो कधी दिलाच नव्हता आणि मी मागितला नव्हता.

राहत असताना डीलेडिंग निघालं तर काम चालू असेपर्यंत बाहेर राहावं लागतं. नेहमीचं भाडं तुम्ही भरायचं. हलण्याचा वाजवी खर्च आणि तात्पुरत्या जागेचा वरचा खर्च मालकाचा. आम्हीही तसेच बाहेर राहिलो. परतलो तेव्हा सगळ्या खिडक्या नव्या होत्या.

न्यू जर्सीचाही पर्याय आहे म्हणालीस. तिथे रचना वेगळी. 2022 च्या जुलैपासून लागू झालेल्या कायद्याने 1978 पूर्वीच्या बहुतेक भाड्याच्या घरांची तपासणी भाडेकरू बदलताना करावी लागते, घरात मूल असो वा नसो. न्यूयॉर्क शहरात 1960 पूर्वीच्या इमारतींत शिसं आहे असं गृहीत धरतात आणि घरात लहान मूल आहे का ते मालकाने दरवर्षी विचारायचं असतं. टेक्सससारख्या राज्यात मात्र केंद्राचा नियम तेवढा: शिशाबद्दल माहीत असेल ते सांगायचं आणि एक पुस्तिका हातात द्यायची.

रक्ततपासणी आल्या आल्या कर. इथे 9 ते 12 महिन्यांत एकदा, मग दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी ती करावीच लागते, आणि डे-केअर तिचा दाखला मागतं. लवकर करायचं आणखी एक कारण आहे. युनिसेफ आणि प्युअर अर्थच्या 2020 च्या अहवालाप्रमाणे भारतात 5 च्या वर आकडा असलेली मुलं साडेसत्तावीस कोटी आहेत. तिकडून किती घेऊन आली ते कळलं, तरच इकडे वाढलं का ते कळेल. 3.5 च्या वर आकडा आला तर डॉक्टर लक्ष ठेवतात, 10 पासून मॅसॅच्युसेट्स त्याला विषबाधा म्हणतं आणि घराची तपासणी होते. या पातळीवर औषध नसतं. शिशाचा स्रोत थांबवायचा आणि लोह, कॅल्शियम कमी पडू द्यायचं नाही, कारण ते कमी असलं की शरीर शिसं जास्त शोषतं. माझ्या मुलाला मी रोज नाचणीचं सत्त्व दिलं.

आणि सामान भरताना दोन गोष्टी वगळ, सासूबाईंनी कितीही प्रेमाने दिल्या तरी. घरगुती काजळ आणि भस्म असलेली बाळगुटी किंवा औषधं. 2004 मध्ये बॉस्टनच्या आसपासच्या भारतीय दुकानांतली 70 आयुर्वेदिक उत्पादनं तपासली गेली होती. 13 मध्ये शिसं निघालं. सुटं कुंकू आणि सुटी हळदही नको. हळद इथे बंद पाकिटात मिळते.

मुलाचा आकडा 3 च्या खाली यायला दीड वर्ष लागलं. आज तो शाळेत छान आहे.

पत्ते पक्के झाले की मला पाठव. मी राज्याची यादी बघेनच, पण शनिवारी जाऊन मागच्या अंगणातली माती, जिन्याचे कठडे आणि रस्त्यावरून दिसणाऱ्या खिडक्यांचे फोटोही काढून पाठवेन. ब्रोकरच्या फोटोंत खिडकीची खालची खाच कधीच दिसत नाही.